परमुलखातला पाहुणा आणि आपलं काउंटर: मराठवाड्यात हॉटेल, गाडी आणि गाइडचं काम करणाऱ्यांसाठी

हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी वेरूळच्या तिकीट खिडकीपाशी थांबलात, तर थायलंडहून आलेल्या भिक्खूंची बस दिसेल. तिच्यामागे गुजरातेतलं जैन कुटुंब उभं असतं, त्यांना आधी ३० ते ३४ क्रमांकाची लेणी गाठायची असतात. घृष्णेश्वराचं दर्शन उरकून आलेली तेलुगू मंडळी असतात, विदर्भातून आलेलं आंबेडकरी कुटुंब असतं, पाठीवर सॅक टाकलेलं फ्रेंच जोडपं असतं आणि बीडकडच्या एखाद्या शाळेची सहल असते. यातले कितीतरी जण दुपारी एकाच रस्त्यावरच्या चार-सहा हॉटेलांत जेवतात. तिथं पाणी ठेवणारा मुलगा खुलताबाद किंवा फुलंब्रीकडचा असतो. कोणाला काय चालतं आणि काय खुपतं, हे त्याला कुणी बसवून सांगितलेलं नसतं.

अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. नांदेडला शिखांचं तख्त, म्हणजे धर्मपीठ आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी वेरूळ, परळी आणि औंढा ही तीन स्थानं आपल्या भागात पूजली जातात. एवढं जग दारात येतं, आणि आपली तयारी मात्र ‘गुड मॉर्निंग सर’पाशी संपते. पुढची तयारी कशी करायची, ते इथं क्रमाने सांगतो. वेटर, रिसेप्शनवरची मुलगी, ड्रायव्हर, गाइड, लॉजचा मॅनेजर आणि मालक, सगळ्यांसाठी यात काही ना काही आहे. देशवार याद्या पाठ करून हे काम येत नाही. विचारायची सवय लागली आणि विचारलेलं आचाऱ्यापर्यंत, ड्रायव्हरपर्यंत पोचलं, की बरंचसं आपोआप सुधारतं.

पायरी १: आधी आपल्याच सवयी लिहून काढा

सगळ्या स्टाफला बसवा आणि एका कागदावर लिहायला लावा: आपण पाहुण्याशी कसं वागतो? बाहेरून आलेल्या माणसाला त्यातलं काय विचित्र वाटू शकेल? पहिल्यांदा कोणी काही लिहीत नाही, कारण आपली सवय आपल्याला सवय वाटतच नाही. मग पुढच्या गोष्टी एकेक करून काढा.

आपण मान डोलावतो. ती कधी हो असते, कधी ‘बघू’, कधी नुसतं ‘ऐकतोय’. आपल्या माणसाला ती कळते, जर्मन माणसाला कळत नाही. तो पुन्हा विचारतो, आपण पुन्हा डोलावतो. परदेशी पाहुण्यासमोर मान डोलावली तरी तोंडाने स्पष्ट हो किंवा नाही म्हणा.

आपल्याला नाही म्हणणं जड जातं. ‘गरम पाणी येईल का?’ यावर ‘येऊन जाईल’ म्हणायचं आणि मोटर जळालेली असायची. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून आपण तसं बोलतो, पण तो तासभर बादली लावून बसतो. ‘आज गरम पाणी नाही, सात वाजता बादलीभर वर आणून देतो’ असं सांगितलं तर कोणी चिडत नाही.

आपण आग्रह करतो. ‘अजून एक भाकरी, आमच्या हातची घ्याच.’ घरच्या पंगतीत यात माया असते. पण ज्या पाहुण्याला ताटात टाकणं अपमानाचं वाटतं, तो पोट भरलेलं असतानाही ती भाकरी कशीबशी संपवतो आणि रात्रभर त्रास काढतो. एकदा विचारा, नाही म्हटलं की थांबा.

आपण चौकश्या करतो. लग्न झालं का, लेकरं किती, पगार किती, एकट्याच कशा आलात. एकटी फिरणारी बाई हे प्रश्न दिवसभर ऐकून वैतागलेली असते, आणि ‘एकट्याच का’ या प्रश्नाने तर घाबरतेसुद्धा. बोलायचंच असेल तर लेण्यांबद्दल विचारा, प्रवासाबद्दल विचारा, तिच्या गावी आता थंडी किती आहे ते विचारा.

शेवटची सवय सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वाईट आहे: आडनाव विचारणं. ‘नाव सांगा, पूर्ण सांगा. गाव कोणतं?’ हे कशासाठी विचारलं जातं ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. आडनाव ऐकून चेहरा बदलणं, खोली ‘भरलेली’ निघणं, पाण्याचा ग्लास वेगळा येणं हे इथल्या लोकांनी सोसलेलं आहे. परक्या संस्कृतीचं प्रशिक्षण घ्यायला निघालेल्या हॉटेलने आधी आपल्याच माणसाशी नीट वागायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. नोंदणीसाठी ओळखपत्र लागतं, त्यावरचं नाव वहीत उतरवा आणि विषय तिथंच संपवा. कोणी ‘जय भीम’ म्हणून नमस्कार केला तर त्याच शब्दांत, मनापासून उत्तर द्या.

मिल्टन बेनेट या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ मध्ये परक्या संस्कृतीला सामोरं जाणाऱ्या माणसाचे सहा टप्पे मांडले. आधी फरक आहे हेच माणूस मानत नाही, मग फरक दिसला की त्याला विरोध करतो, मग ‘आतून सगळी माणसं सारखीच’ म्हणतो. त्यानंतर फरक मान्य करणं येतं, वागणं बदलता येणं येतं, आणि शेवटी ते अंगवळणी पडतं. माझ्या पाहण्यात आपल्याकडची भली माणसं बहुतेक तिसऱ्या टप्प्यावर थांबतात. ‘पाहुणा म्हणजे देव, आम्ही सगळ्यांना सारखंच वाढतो’ हे ती अभिमानाने सांगतात. भावना सुंदर आहे, पण सगळ्यांना सारखं वाढलं की जैन पाहुणा उपाशी राहतो आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला दवाखान्यात जातो.

पायरी २: तीन रकाने

कोणताही खटका उडाला की कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात काय दिसलं, दुसऱ्यात मला काय वाटलं, तिसऱ्यात आणखी काय कारण असू शकेल.

एक उदाहरण घेऊ. श्रीलंकेहून आलेल्या भिक्खूंच्या टेबलावरून रात्रीची ताटं जशीच्या तशी परत आली. दिसलं एवढंच की ताटं परत आली. वेटरला वाटलं, जेवण आवडलं नाही, तोऱ्यात आहेत. आचारी चिडला. तिसरा रकाना भरायला घेतल्यावर कोणीतरी विचारतं, आजारी आहेत का? उपवास आहे का? मग टूर लीडरला विचारल्यावर कळतं की थेरवाद या श्रीलंका-थायलंडकडच्या बौद्ध परंपरेतले भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. त्यांना संध्याकाळी काय चालतं ते विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं जेवण अकराच्या आत लावलं की प्रश्न मिटतो.

दुसऱ्या रकान्यातलं वाक्य खरं मानून आपण वागायला लागतो, तिथं भांडण सुरू होतं. ही तीन रकान्यांची सवय महिनाभर लावली की वेटर आपणहून येऊन सांगायला लागतात: ‘त्यांनी ताट परत केलं, का ते माहीत नाही, विचारू का?’

पायरी ३: बुकिंग होतानाच विचारा

बहुतेक घोळ पाहुणा दारात आल्यावर होतात, कारण आधी काही विचारलेलं नसतं. बुकिंग पक्कं झालं की लगेच व्हॉट्सॲपवर एक निरोप पाठवा. पाहुण्याच्या सोयीने हिंदी किंवा इंग्रजीत करून घ्या. मजकूर साधारण असा असावा:

‘नमस्कार. आपली खोली पक्की झाली आहे. आपली सोय नीट व्हावी म्हणून काही विचारतो. जेवणात काय चालत नाही? शेंगदाणे, गहू, दूध किंवा आणखी कशाची ॲलर्जी आहे का? जेवणाची किंवा प्रार्थनेची ठरलेली वेळ आहे का? कोणाला जिने चढायला त्रास होतो का? आपण किती वाजता पोचाल? आमच्याकडे लिफ्ट नाही आणि रात्री दहानंतर स्वयंपाकघर बंद होतं.’

शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. आपल्याकडे जे नाही ते आधी सांगितलं की पाहुणा त्या हिशोबाने येतो. धर्म विचारू नका, देशावरून अंदाज बांधू नका. ‘काय चालत नाही’ एवढं विचारलं की पुरतं.

शहराच्या नावाचाही खुलासा करा. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण परदेशी पर्यटकाच्या हातातल्या जुन्या पुस्तकात अजून जुनंच नाव आहे. आपण चुकीच्या शहरात उतरलो की काय, म्हणून माणूस विमानतळावर गोंधळतो. निरोपात दोन्ही नावं लिहा, विमानतळाचा ‘आयएक्सयू’ हा संकेतही लिहा. पाहुणा जुनं नाव घेऊन पत्ता विचारत असेल तर आधी पत्ता सांगा, तिथं वाद घालू नका.

परदेशी नागरिक मुक्कामाला आला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारी पोर्टलवर भरावी लागते. धंद्यात याला सी-फॉर्म म्हणतात. होमस्टेवाल्यांनाही हे लागू आहे. पासपोर्ट मागताना कारण सांगा आणि फोटो काढून लगेच परत द्या. पासपोर्ट काउंटरच्या ड्रॉवरमध्ये रात्रभर ठेवून घेतला की परदेशी माणसाची झोप उडते.

पायरी ४: स्वयंपाकघर

इथं जरा जास्त थांबू, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते.

मराठवाड्याच्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट कुठं नसतं ते शोधावं लागेल. रस्सा दाट करायला कूट, भरल्या वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, खिचडीत कूट, वर शेंगदाण्याची चटणी. कितीतरी घरांत आणि हॉटेलांत तेलही शेंगदाण्याचंच असतं. ज्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे त्याचा चिमूटभर कुटानेही घसा सुजून श्वास कोंडू शकतो. ‘थोडंसंच आहे, काढून टाकतो’ हे वाक्य स्वयंपाकघरातून हद्दपार करा. कुटाचा चमचा दुसऱ्या भाजीत गेला तरी धोका असतो. अशा पाहुण्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वेगळं तेल घ्या. तेवढं जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि फळं, उकडलेली अंडी, साधा भात, पॅकबंद दही यांवर भागवा. ओठ सुजले, धाप लागली, अंगावर गांधी उठल्या, तर लगेच १०८ ला फोन करा. पाहुण्याकडे स्वतःचं इंजेक्शन आहे का ते विचारा. आधी मालकाला फोन करून परवानगी घेण्यात वेळ घालवू नका.

गव्हाचं ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी आपला भाग खरं तर भाग्याचा आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं. भाकरी, पिठलं, ठेचा हे जेवण त्यांना फार आवडतं. फक्त दोन गोष्टी बघा. भाकरी ज्या परातीत थापता तिच्यात आधी कणीक मळलेली नको आणि तवा पोळीचा नको. दुसरं म्हणजे हिंग. बाजारातल्या बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीवरची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर हिंग घालूच नका.

दूध, तूप, दही, मध यातलं काहीच न खाणारे पाहुणे आता बरेच येतात. त्यांना ‘प्युअर व्हेज’ची पाटी पुरत नाही, कारण आपल्या शाकाहारात तूप आलंच. भाकरीवर सवयीने लावलेलं तूप, डाळीवरची तुपाची फोडणी, उकळलेला दुधाचा चहा, एवढं टाळलं की आपलं निम्मं ताट त्यांना चालतं.

जैन पाहुण्यांसाठी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा वर्ज्य आहे, हे आता बहुतेकांना माहीत असतं. वेळेचं मात्र भान राहत नाही. अनेक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो. लेणी बघून साडेपाचला परतलेल्या कुटुंबाला ‘जेवण सात वाजता’ सांगणं म्हणजे त्यांना उपाशी झोपवणं. पर्युषणाच्या दिवसांत हिरव्या भाज्याही अनेकांना चालत नाहीत, तेव्हा डाळी आणि कडधान्यं तयार ठेवा.

बौद्ध म्हटलं की शाकाहारी, असं धरून चालू नका. थेरवाद परंपरेतल्या अनेक भिक्खूंना मांसाहार चालतो. तैवान किंवा व्हिएतनामकडचे महायान भिक्खू आणि भिक्खुणी मात्र कडक शाकाहारी असतात आणि कांदा-लसूणही खात नाहीत. म्हणजे तुमच्याकडचं जैन जेवण त्यांना बहुतेक चालून जातं. फक्त बटाट्यावरून ते अडून बसत नाहीत, तेव्हा भाजीचे पर्याय वाढतात. मुस्लिम पाहुणा हलाल आहे का विचारतो, अमृतधारी, म्हणजे धर्मदीक्षा घेतलेल्या शीख पाहुण्याला हलाल वर्ज्य असतं. दोघांना दोन वेगळी उत्तरं देण्यापेक्षा मांस कुठून येतं ते खरं सांगा, आणि माहीत नसेल तर शाकाहारी पदार्थ सुचवा.

तिखटाचं काय करायचं? पाहुणा ‘मीडियम’ म्हणतो, आचारी आपल्या जिभेने मीडियम करतो, आणि टेबलावर पाण्याच्या बाटल्या संपतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, येसर आणि ठेचा परक्या जिभेला किती झोंबतात याचा अंदाज इथं जन्मलेल्याला येत नाही. ऑर्डर घेतानाच वाटीत दोन चमचे रस्सा चाखायला द्या. भाजी सौम्य करा आणि ठेचा बाजूला ठेवा, ज्याला हवा तो घेईल. भाजीत टोमॅटो घालून गोडसर करण्याच्या भानगडीत पडू नका, लोक इतक्या लांब इथली चव घ्यायला येतात.

पायरी ५: आपल्याकडे कोण कोण येतं, ते ओळखा

अजिंठा आणि वेरूळ ही जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंका, व्हिएतनामच्या लोकांसाठी तीर्थंच आहेत. लेण्यांच्या जतनासाठी आणि पर्यटनाच्या सोयींसाठी जपानने मोठं कर्ज दिलेलं आहे, हे गाइडला माहीत असावं. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात आवाज घुमतो. तिथं गट सुत्तपठणाला बसला की गाइडने गप्प उभं राहावं आणि इतर गटांनाही हळूच थांबवावं. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं श्रीलंकेतल्या लोकांना अपमानाचं वाटतं. थायलंडच्या लोकांना मूर्तीकडे पाय करून बसलेलं किंवा कुणाच्या डोक्याला हात लावलेला आवडत नाही, लहान लेकराच्याही नाही. थायलंडचे भिक्खू बाईच्या हातून थेट वस्तू घेत नाहीत. रिसेप्शनवरच्या मुलीने किल्ली काउंटरवर ठेवावी, ते उचलून घेतील. यात तिचा अपमान नाही, हे मॅनेजरने तिला आधीच सांगून ठेवावं.

या पाहुण्यांना आणखी एक गोष्ट सांगा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी छत्रपती संभाजीनगरात १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. आज लेण्यांत वंदना करायला येणारी आंबेडकरी कुटुंबं आणि परदेशी उपासक एकाच मूर्तीसमोर हात जोडतात. गाइडने दोन्हीकडच्या लोकांची ओळख करून दिली, तर दोघांनाही फार आनंद होतो.

नांदेडचं काम वेगळं आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये तिथं गुरुग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. २००८ मध्ये त्या घटनेला तीनशे वर्षं झाली तेव्हा शहराचं रूप बदललं. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसने येणारे शेतकरी असतात, तसे कॅनडा आणि इंग्लंडमधून येणारे तरुणही असतात. त्यांची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपली तंबाखू. शीख धर्मात तंबाखू सक्त वर्ज्य आहे. तोंडात तोबरा भरलेला रूमबॉय, जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या, खोलीतला ॲशट्रे या गोष्टी त्यांना नुसत्या घाण वाटत नाहीत, धर्माला धक्का लावणाऱ्या वाटतात. नांदेडच्या लॉजमालकांनी कामाच्या वेळेत तंबाखू बंद केली तर दुसऱ्या कोणत्याही सुधारणेपेक्षा जास्त फरक पडेल. कृपाण ही धार्मिक खूण आहे, तिच्याकडे संशयाने बघू नका. गुरुद्वारात जाणाऱ्या इतर पाहुण्यांना डोकं झाकायला स्वच्छ रुमाल काउंटरवर ठेवा. पिढ्यान्‌पिढ्या नांदेडात राहिलेली, मराठी बोलणारी दख्खनी शीख मंडळी आहेत. नव्या स्टाफला शिकवायला त्यांच्यातलं कोणी बोलवा, पुस्तकापेक्षा ते बरं.

ज्योतिर्लिंगांच्या यात्रेकरूंना वेळापत्रकाची घाई असते. दक्षिणेकडच्यांना जेवणात भात आणि ताक लागतं. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सदरा-बनियन काढून जावं लागतं, हे ड्रायव्हरने गाडीतच सांगावं. खुलताबादला दर्ग्यात डोकं झाकावं लागतं, आणि काही ठिकाणी बायकांना आतल्या खोलीत जाऊ देत नाहीत, तेही आधी सांगा. नमाजाची दिशा विचारली तर आपल्याकडून ती पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेली आहे. प्रत्येक मजल्यावर पश्चिम कुठली ते स्टाफला दाखवून ठेवा.

खुलताबादच्या कबरीपाशी किंवा देवगिरीवर पाहुणे इतिहासाचे टोकाचे प्रश्न विचारतात. गाइडने सन, ठिकाण, घटना सांगावी: औरंगजेबाचा मृत्यू १७०७ मध्ये अहमदनगरजवळ झाला आणि दफन इथं झालं, निजामाच्या राजवटीतून हा भाग १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. गाडीत बसलेल्या माणसाच्या घरी याच इतिहासाची कोणती आठवण आहे ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून शेरे मारू नका.

हॉटेलच्या दारावरचं स्वस्तिक बघून एखादा युरोपियन किंवा इस्रायली पाहुणा दचकतो. त्याच्याकडे त्या आकाराशी नाझींच्या अत्याचारांची आठवण जोडलेली आहे. न रागावता सांगा की हे आपल्याकडचं हजारो वर्षांचं मंगलचिन्ह आहे, हिंदू, जैन, बौद्ध तिघांचंही.

पायरी ६: बोलणं

इंग्रजी कमी येतं म्हणून लाजायचं कारण नाही. फ्रेंच, कोरियन, थाई पाहुण्याचंही इंग्रजी तोडकंच असतं. छोटी वाक्यं बोला, आवाज चढवू नका. वेळ आणि पैसे कागदावर आकड्यांत लिहून दाखवा. फोनमधलं भाषांतर वापरताना मराठीतही साधं वाक्य बोला, म्हणी आणि अर्धी वाक्यं टाळा. ऑर्डर किंवा पत्ता पाहुण्याला परत म्हणून दाखवा. फारच अडलं तर १३६३ ही केंद्र सरकारची पर्यटक हेल्पलाइन आहे. हिंदी-इंग्रजीशिवाय जपानी, कोरियन, फ्रेंच, जर्मन, अरबी अशा दहा परदेशी भाषांत तिथं बोलता येतं.

‘पाच मिनिटांत’ हे शब्द जपून वापरा. जपानी किंवा जर्मन पाहुणा घड्याळ बघतो. वीस मिनिटं लागणार असतील तर पंचवीस सांगा.

उभं राहताना हातभर अंतर ठेवा. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने दाखवलं की ओळखीपुरत्या बोलण्यात माणसाला किती जवळ चालतं हे त्याच्या संस्कृतीवर ठरतं. आपण गर्दीत वाढलेली माणसं, खांद्याला खांदा लावून बोलतो. समोरचा एक पाऊल मागे सरकला तर आपण पुढे सरकू नये.

पायरी ७: सेल्फी, दुकानं आणि पैसे

वेरूळला गोरा किंवा काळ्या वर्णाचा पाहुणा दिसला की आपल्याच सहलींतले लोक सेल्फीसाठी घेरतात. विचारत नाहीत, लेकरू हातात देतात, बाईच्या खांद्यावर हात टाकतात. कैलास लेणं बघायला जग ओलांडून आलेला माणूस स्वतःच प्रदर्शनातली वस्तू होतो. हे थांबवणं गाइडच्या हातात आहे. आधीच पाहुण्याला विचारून ठेवा, फोटो चालतील का? नको म्हणाला तर गाइडने पुढे होऊन मराठीत नम्रपणे सांगावं: ‘दादा, त्यांना लेणी बघू द्या.’ पाहुण्याला स्वतः नाही म्हणायची वेळ येऊ देऊ नका. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही आणि चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात, हे तिकीट काढतानाच सांगा. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी बदलून बसने जावं लागतं, तेही सांगा. नाहीतर पाहुण्याला वाटतं आपल्याला मध्येच उतरवलं.

हिमरू आणि पैठणीच्या दुकानांत गाडी वळवायची असेल तर विचारून वळवा. कमिशन मिळतं हे पाहुण्याला कळतंच, आणि एकदा कळलं की तुमचा सगळा इतिहासही त्याला विक्रीचं बोलणं वाटायला लागतो. ‘इथं माग चालताना बघता येतो, घेतलंच पाहिजे असं नाही, जायचं का?’ एवढं विचारा. विणकराचं काम खरंच मोठं आहे, ते विकायला फसवणुकीची गरज नाही. टिप जपानी माणूस देत नाही, कारण त्याच्याकडे ती पद्धतच नाही. त्याला तोंड वाकडं करून उत्तर देऊ नका.

पायरी ८: तक्रार ऐकणं

काही पाहुणे मोठ्याने तक्रार करतात, त्यांचं काम सोपं असतं, काय बिघडलंय ते लगेच कळतं. अवघड असतात ते हसून ‘ठीक आहे’ म्हणणारे. पूर्व आशियातले बरेच पाहुणे समोर तक्रार करणं टाळतात आणि घरी जाऊन सविस्तर लिहितात. त्यांना ‘सगळं ठीक ना?’ विचारून उपयोग नाही. ‘पंख्याचा आवाज येतो का? उशी बदलू का? उद्या भाजी आणखी सौम्य करू का?’ असे छोटे, उत्तर देता येणारे प्रश्न विचारा. टॉवेल कोरडा पडलाय, ताट अर्धं राहिलंय, गाडीत कोणी बोलत नाही, या खुणा रूमबॉय आणि ड्रायव्हरला आधी दिसतात. त्यांनी सांगितलं तर मॅनेजरने ऐकून घेतलं पाहिजे.

पायरी ९: कुठं थांबायचं

पाहुण्याची संस्कृती समजून घेणं म्हणजे त्याचं सगळं सहन करणं असा अर्थ कोणी काढू नये. हात धरणं, दारूला बसायचा आग्रह, खोलीत बोलावणं, रंगावरून किंवा जातीवरून बोलणं याला कोणत्याही देशाच्या रिवाजाचं कारण पुरत नाही. मुलीने ‘नाही’ म्हणून निघून यावं आणि मालकाने तिच्या बाजूने उभं राहावं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. समितीतल्या लोकांची नावं स्टाफच्या खोलीत लावा. रात्रपाळीला एकट्या मुलीला काउंटरवर ठेवू नका. तातडीचं काही घडलं तर ११२.

पायरी १०: मालकासाठी

वर लिहिलेलं सगळं वेटरच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. तो सहा महिन्यांनी पुण्याला निघून जातो आणि शिकवलेलं सोबत नेतो. म्हणून काउंटरवर एक जाड वही ठेवा. त्यात देशाचं किंवा धर्माचं नाव घालून नियम लिहू नका, घडलेली गोष्ट लिहा. उदाहरणार्थ: ‘खोली २०४. शेंगदाणे चालत नाहीत. वेगळं पातेलं. आचाऱ्याला सकाळी सांगितलं, ड्रायव्हरला रस्त्यावरच्या चिवड्याबद्दल सांगितलं.’ पाळी बदलताना ही नोंद वाचून दाखवायची आणि वाचणाऱ्याने सही करायची. पाहुणा गेल्यावर ॲलर्जी किंवा आजाराची नोंद कोणालाही दाखवत बसू नका.

स्टाफला महिन्यातून एकदा आपल्याच हॉटेलात पाहुण्यासारखं जेवायला बसवा. गंगाखेडच्या पोराला काटा-चमचा धरून, अनोळखी पदार्थ समोर घेऊन बसवलं की परक्या ताटापुढे माणूस कसा अवघडतो ते त्याला लगेच कळतं. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. वेरूळच्या रस्त्यावर मंगळवारी दुपारी गर्दी कमी असते. तेव्हा अर्धा तास सगळ्यांना बसवून वहीतल्या आठवड्याच्या नोंदी वाचा, आणि आचाऱ्यालाही त्या बैठकीला आत बोलवा.